मोटारीचं सारवण

रंगरावांची मोटार गावात पहिल्यांदा शिरली, तेव्हा तिचा भोंगा ऐकून शेजारच्या गोठ्यातला एक तांबडा गोऱ्हा खुंटा उपटून पळाला आणि म्हणे थेट मलकापूरच्या टेसनावर मालगाडीच्या सावलीत उभा सापडला. त्याला आणायला तीच मोटार गेली, आणि येताना गोऱ्हा मागच्या गादीवर बसून आला. पुढं ही गोष्ट ज्यानं त्यानं आपापल्या परीनं वाढवली. कुणी गोऱ्ह्याच्या गळ्यात उपरणं घातलं, कुणी त्याला खिडकीतून मान काढून वाटेवरच्या लोकांना रामराम करायला लावलं. पण गादीच्या शिवणीत तांबडे केस अजून सापडत, त्यामुळं सगळंच खोटं म्हणायची सोय नव्हती.

मोटार काळी होती, पाठीनं गोल, डोहातून निघालेल्या म्हशीसारखी. खामगावच्या कापसाच्या एका जिनवाल्यानं वापरून टाकलेली ती रंगरावांनी घेतली, तेव्हा महाराष्ट्राचं राज्य नुकतं कुठं उभं राहिलं होतं. गावाला एस.टी. येणार येणार म्हणत होते, पण तिला अजून वाट सापडली नव्हती. तोवर रंगरावांची मोटारच गावाची एस.टी. झाली. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, काढ मोटार. कुणाच्या जावयाची गाडी चुकते आहे, काढ मोटार. मिरचीची पोती, सरकी, वरमाया, सुईणी, एकदा तर कीर्तनकार आणि त्याचा मृदंगवाला भांडून बसलेले, सगळं त्या मागच्या गादीवरून गेलं. रस्ता असा की मागं दह्याची चरवी ठेवली तर मोताळा येईपर्यंत लोणी वर येई, आणि आळशी सुना म्हणे मुद्दाम चरवी धाडत. रंगराव कुणाला नाही म्हणत नसत. भर जेवणातून उठत, हात धूत आणि भोंगा दाबत. घाटाखालच्या गावागावांत 'मोटारवाले रंगराव' म्हटलं की माणसाचा हात आपोआप कपाळाशी जाई, आणि तो हात गेलेला रंगरावांना फार आवडे.

अशा रंगरावांची बायको आखाजीला माहेरी गेली, ती येईचना.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी जातात, झोके घेतात, आंब्याचा रस खातात आणि परत येतात. गावातल्या झाडून साऱ्या सुना परत आल्या. मिरग तोंडावर आला. कौसल्याबाईंचं तर झोके घ्यायचं वयही नव्हतं. लेक कोकिळा बाळंत होऊन तिच्या लेकराला दात आले होते. रंगराव पहिल्यांदा लोकांना सांगत, "आराम करून राह्यली." मग सांगत, "येईन, येईन." मग कुणी विचारलं की मोटारीचं बॉनेट उघडून आत डोकं घालत.

शेवटी मोताळ्याच्या बाजारात त्यांचे मेहुणे शंकरराव भेटले. सरळ माणूस. निरोप द्यायचा म्हणून खाली पाहत दिला:

"भाऊजी, बाई म्हणे, त्या मोटारीत मले बसाले जागा झाली का मंग न्याले या. नाई तं मी अथीच बरी."

रंगरावांना आखाजीची सकाळ आठवली. या वर्षी मोटारीनं माहेरी रोहिणखेडला नेतो, असं त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. कौसल्याबाई नवं लुगडं नेसून, बोचकं घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. तेवढ्यात सरपंच किसनरावांचे पाहुणे आले, मागोमाग त्यांच्या आंब्याच्या पाट्या. रंगराव म्हणाले, "तू असं कर, मागून बैलांच्या दमणीनं ये." कौसल्याबाईंनी खिडकीतून आत एकवार पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

तेच ते आत पाहणं! रंगरावांनी मांडीवर थाप मारली. आत काय होतं? घाण. बाई माणूस स्वच्छतेचं. नवं लुगडं घेऊन त्या उकिरड्यात कशी बसेल? एवढंच होय, म्हणून त्यांना हायसं वाटलं. घाण काय, धुता येते.

दुसऱ्या दिवशी मोटार अंगणातल्या निंबाखाली आली आणि रंगरावांनी धोतराचा काचा मारला. ओट्यावर त्यांची मोठी बहीण केसरबाई तुरीची डाळ निवडत बसली होती. ही विधवा होऊन भावाकडं आली त्याला जमाना झाला. घरात तिच्या शब्दापुढं पाल चुकचुकत नसे. समोरच्या ओट्यावर शालिग्राम शिंपी मशीन घेऊन बसे. तो आणि रंगराव एकाच वर्षी शाळेतून पळालेले.

"रंग्या, काय करून राह्यला बे?" शालिग्रामानं सुई दातात धरून विचारलं.

"मोटार धुतो."

"ते तं पावसाळा धुतेच!"

"अंदरून धुतो."

शालिग्रामानं मशीनचं चाक थांबवलं. असा कार्यक्रम पाहायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत.

रंगरावांनी मागची गादी ओढून काढली. ती सहज निघेना. इतक्या वर्षांचा ऐवज खाली साचून तिनं मूळ धरलं होतं. मूळ धरलं हे अक्षरशः. कोपऱ्यात सरकी सांडली होती, छपरातून पाणी गळत होतं, आणि तिथं वीतभर पऱ्हाटी उगवून खिडकीच्या फटीकडं वाकली होती. शालिग्राम पुढं शपथेवर सांगे की तिला दोन बोंडं होती आणि त्यातल्या कापसाची त्यानं टोपी शिवली. टोपी तो दाखवतही असे.

आणि मग विहीर खणताना थर लागतात तसे थर लागू लागले. वर भुईमुगाची फोलपटं, विड्यांची थोटकं. त्याखाली मिरचीचं बी. ते उडालं आणि रंगराव, केसरबाई, शालिग्राम आणि निंबावरचा कावळा एका सुरात शिंकले. त्याखाली बैलाची अर्धी नाल, झांजेची दोरी, आणि जुन्या पोलीस पाटलाची हरवलेली कवळी. हिच्यापायी पाटलानं एका लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला तोंड उघडून दाखवायला लावलं होतं.

रंगरावांनी सगळं सुपात काढलं. मग खरं काम सुरू झालं. दऱ्या काढून झोडपल्या. गादीतला काथ्या पिंजून उन्हात घातला. कातड्यावरचा मळ रिठ्याच्या पाण्यानं सोडवला, आणि कातडं वाळून कडक झालं तसं त्याला एरंडीचं तेल चोळलं. छताच्या कापडावर डोक्यांच्या तेलाचे गोल गोल डाग होते. त्यावर ज्वारीचं पीठ दाबून ठेवलं, म्हणजे तेल पिठात उतरतं. पितळी मुठींना चिंच लावली. फटीत बोट जाईना, म्हणून बाभळीच्या काड्या दातवणासारख्या चावून त्यांचे कुंचे केले.

"मोटारीचे दात घासून राह्यला," शालिग्राम म्हणाला. "गुळण्याले पानी आनू का?"

"तुह्या मशीनीचे घास आधी. टाका एक अन् खरखर गावभर."

हात चालत होते आणि रंगराव मनात मोजमाप करत होते. हा मोठा डाग रामनवमीच्या पंगतीच्या तेलाच्या डब्याचा. हे नखांचे ओरखडे ढोले मास्तरांच्या सुनेचे. मलकापूरच्या दवाखान्यात नेताना तिनं दाराला धरलं होतं, आणि मुलगा झाला होता. अक्षता सापडल्या, हळदीनं पिवळ्या, दगडासारख्या झालेल्या. या कोकिळेच्या. सासरी जाताना ती इथंच खिडकीशी बसली होती. रंगरावांना बरं वाटू लागलं. ही घाण नव्हती नुसती. गावाचं बरंचसं सुखदुःख आपल्या गादीखाली जमा झालं होतं. कुणी सरकारी माणूस असता तर काच लावून ठेवलं असतं.

तेवढ्यात पुढच्या आसनाच्या फटीत बांगडीचा तुकडा लागला. हिरवा, बारीक, वर सोनेरी ठिपका. रंगरावांनी तो धोतराला पुसला, उन्हात धरला.

कौसल्येचा असेल का?

त्यांनी आठवून पाहिलं. कौसल्याबाईंचे हात त्यांना दिसले. भाकरी थापताना, दोर ओढताना, ताट पुढं सरकवताना. मनगटापर्यंत सगळं नीट दिसलं. बांगड्यांचा रंग मात्र दिसेना. हिरव्या तर सगळ्याच घालतात. ठिपक्यांच्या? की नागमोडी? दिवसातून दोन वेळा ताट पुढं येई, आणि आपण त्यातल्या भाकरीकडंच पाहत आलो की काय?

"बाई," त्यांनी तुकडा ओट्यावर नेला, "हे कोकिळेच्या मायच्या बांगडीचं आहे काय?"

केसरबाईनं तुकड्याकडं पाहिलंच नाही. डाळीतला खडा काढला, अंगणात टाकला.

"ते बसली कवा मोटारीत?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? सोपं तं इचारून राह्यली. कवा बसली?"

रंगराव हसले. मग आठवू लागले.

कोकिळेच्या लग्नात? नाही. पाठराखीण म्हणून केसरबाई गेली होती. कोकिळेला कळा आल्या तेव्हा? तेव्हाही केसरबाई, कारण ती मोठी. कौसल्याबाई घरी मागं सुंठ कुटत राहिल्या. तुळशीच्या लग्नाचा बाजार, मेहुण्याच्या घरची वास्तुशांत, देवीचं दर्शन... दर खेपेला त्या निघत, दर खेपेला कुणी तरी येई आणि कौसल्याबाई मागं सरत. "त्यांले नेऊन द्या, मी येईन दमणीनं." सुरुवातीला कितीदा तरी हे त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. मग रंगरावच म्हणू लागले. आणि मग म्हणायचीही गरज उरली नाही.

"एकडाव बी नाई?" रंगरावांचा आवाज बारीक झाला.

"गोऱ्हा बसला," केसरबाई म्हणाली. "ते नाई बसली."

शालिग्रामाच्या तोंडात या वेळी काहीतरी नक्की आलं होतं. पण त्यानं ते गिळलं आणि मशीनचं चाक हळूच फिरवलं.

रंगराव मोटारीत जाऊन बसले. रिकामी मोटार, नुसता सांगाडा. काथ्या बाहेर, गाद्या बाहेर, दऱ्या निंबावर. इतक्या जणांनी तिला काही ना काही ठेवलं होतं. केस, दात, बी, अक्षता. जिच्या घरासमोर ती रोज उभी राहिली, तिचा एक धागाही त्यात नव्हता. त्या सकाळी कौसल्याबाईंनी खिडकीतून पाहिली ती घाण नव्हती. त्या जागा पाहत होत्या.

निरोप तर साध्या शब्दांत होता. त्यांनीच त्याला खराटा लावला.

पुन्हा हात सुरू झाले, पण आता चाल वेगळी होती. गादी भरताना त्यांनी पुढच्या, आपल्या शेजारच्या आसनात नवा कापूस घातला. निंबाचा पाला जाळून धुरी दिली, नंतर ऊद. आणि दऱ्या अंथरायची वेळ आली तेव्हा ते तळाशी अडले. तळ लाकडी फळ्यांचा. फळ्या आखडून फटी पडलेल्या. रस्त्यावरची सगळी लाल माती इथूनच वर येत असे. कितीही धुतलं तरी मोताळ्यापर्यंत पुन्हा तेच.

"कनगी लिपते तशी लिपून टाक," शालिग्राम गंमतीनं म्हणाला.

रंगराव थांबले. मग गोठ्याकडं गेले आणि शेणाची पाटी घेऊन आले.

घरात मानाचं माणूस बसवायचं तर काय करतात? जागा सारवतात, मग पाट मांडतात. यात चुकीचं काय होतं? फक्त जागा मोटारीत होती एवढंच.

"दे इकडं," केसरबाई उठली. "हे बाप्याचं काम नाई."

"बस तू, बाई. जागा मी खाल्ली तिची. मीच करतो."

सारवण्यात रंगरावांचा हात कधी बसला नव्हता. मोटारीत गुडघ्यावर वाकून, डोकं स्टेरिंगच्या चाकाखाली, त्यांनी शेण आणि पांढरी माती कालवून फटी बुजवल्या आणि पंज्यानं तळ सारवला. शेण कोपरापर्यंत, मिशीला, आणि भोंग्याच्या रबरी फुग्यालाही. कुणीतरी पाहायला आलं, त्याला आणखी कुणी. दिवस मावळेपर्यंत अंगणात बऱ्यापैकी जत्रा भरली आणि 'रंगराव मोटार सारवून राह्यले' ही बातमी मलकापूरला टेसन मास्तरच्या कानावर गेली, ती मालगाडीनं गेली असं म्हणतात.

सकाळी कोट, फेटा घालून रंगराव निघाले, तर वेशीवर किसनराव सरपंच छत्री वर करून उभे.

"बरं झालं! मले मोताळ्यापर्यंत सोड."

रंगरावांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मोटार थांबली. किसनरावांनी पुढच्या दाराची सुतळी सोडायला घेतली. त्या दाराची कडी तुटून जमाना झाला होता. घोड्याला जांभई यावी तसं रंगरावांचं तोंड झालं.

"जागा... जागा नाई, किसनराव."

किसनरावांनी आत पाहिलं. मागं पाहिलं. रिकामी मोटार चकचकत होती.

"अख्खी रिकामी तं दिसून राह्यली!"

"जागा धरेल आहे."

"कोनाची?"

"घरची."

किसनराव छत्री तशीच धरून उभे राहिले. रंगरावांनी मोटार काढली आणि बरंच अंतर मागं वळून पाहायची हिंमत केली नाही. गावात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला नाही म्हटलं होतं. मुख्य म्हणजे, काही कोसळलं नव्हतं.

मोताळ्याच्या पुढं कच्चा रस्ता लागला आणि पायाखाली कट् असा आवाज आला. मग कट् कट्. मग पापडाचं गाठोडं आपटावं तसं. रंगरावांनी खाली पाहिलं. सारवण तडकत होतं. रोहिणखेडची जुनी मशीद दिसू लागली तोवर सारवणाच्या खपल्या उड्या मारत होत्या, आणि फटींतून लाल माती मोकळ्या मनानं वर येत होती. काळा कोट लाल झाला. पांढरा फेटाही.

शंकररावांच्या दारात मोटार थांबली तेव्हा गल्लीतल्या बायका सूप, चाळणी, लेकरं जे हातात होतं ते घेऊन बाहेर आल्या. कौसल्याबाई ओट्यावर शेवया वाळत घालत होत्या. त्यांनी हातातली शेवयांची काडी खाली ठेवली नाही.

"आले काय," म्हणाल्या.

"आलो."

"पाहुनं कोन कोन आहे संगं?"

"कोनी नाई."

कौसल्याबाई खाली उतरल्या. खिडकीतून आत पाहिलं, आखाजीला पाहिलं होतं तसंच. निंबाचा आणि उदाचा वास आला. गाद्या तुकतुकत होत्या. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे काय?"

"सारवलं."

"मोटार?"

"हाव."

"कोनं?"

"म्या."

शेजारच्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला आणि तिच्या मागून सगळ्या गल्लीनं लावला. कौसल्याबाईंनी मात्र एक खपली उचलली, बोटांत चुरगळली.

"कुटार टाकलं नाई यात. निऱ्या शेणामातीनं पकड येते काय?"

"टाका लागते?"

कुटाराचा भुसा नसला की सारवण तडकतं, हे गल्लीतल्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. रंगराव लाल माखलेले उभे होते. आणलेलं सगळं भाषण त्या खपल्यांबरोबर रस्त्यात सांडलं होतं. परत जावं तर मोटार रिकामी. थांबावं तर काय घेऊन? त्यांनी फेटा काढला, कोट काढला, शंकररावांच्या हातात दिला.

"शंकरराव, घमेलंभर शेन आना. अन् कुटार."

"भाऊजी, राहू द्या," शंकरराव कुजबुजले. "लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या ना. मोटारीत बसलेला मले समद्यायनं पाह्यला. वाकलेला पाहू द्या."

आणि घाटाखालच्या गावागावांत लोकांचे हात कपाळाशी न्यायला लावणारे ते मोटारवाले रंगराव भर गल्लीत, बायकांच्या देखत, मोटारीत गुडघे टेकून पुन्हा सारवू लागले. पोरी खिदळल्या. म्हातारी म्हणाली, "जवाईबाप्पू, आमचा ओटा बी राह्यला!" रंगरावांनी मान वर केली नाही. फक्त पुढच्या आसनाखालची जागा झाली तेव्हा त्यांनी तिथं पुन्हा एकदा हात फिरवला, सावकाश, कडेपर्यंत.

"बांगडीचा एक तुकडा घावला," ते खाली पाहतच म्हणाले. "तुह्या आहे काय पाह्यलं. तुह्या बांगड्या कशा असतात हेच मले सांगता येईना."

खिडकीशी उभ्या कौसल्याबाईंनी हातातली शेवयांची काडी बाजूला ठेवली. मग हात खिडकीतून आत घातला आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. काळसर हिरव्या, साध्या. ठिपका नाही, नागमोड नाही.

"पाहून घ्या," त्या म्हणाल्या.

मग आत जाऊन बोचकं घेऊन आल्या. रंगरावांनी घाईघाईनं मागचं दार उघडलं.

"मांगं नाई," कौसल्याबाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराची सुतळी सोडली.

"वल्लं आहे अजून, कोकिळेची माय. पाय भरतील."

"भरू द्या."

त्यांनी पाय आत ठेवला. ओल्या सारवणात टाच रुतली, मग बोटं. दुसरा पाय. मग त्या नव्या कापसाच्या आसनावर टेकल्या, इकडं तिकडं पाहिलं, समोरच्या काचेतून पाहिलं. इतक्या वर्षांत हा रस्ता त्यांना नेहमी बैलांच्या पाठीमागून दिसला होता.

मोटार गावाबाहेर पडली.

"वाटेनं कोनी हात दाखवला तं?" कौसल्याबाईंनी समोर पाहत विचारलं.

रंगरावांना सकाळचा 'नाही' आठवला. तो पुन्हा म्हणता आला असता, आणि तेच उत्तर बहुधा हवं होतं. पण मास्तरांच्या सुनेची दारावरची नखं घासून निघाली असली तरी त्यांना ती अजून दिसत होती.

"थांबा लागन," ते हळूच म्हणाले. "खोटं काऊन सांगू?"

पुढच्या वळणावर बाभळीखाली एक म्हातारा गाठोडं घेऊन उभा होता. त्यानं हात वर केला. रंगरावांचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथंच घुटमळला. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"थांबवा ना मंग," त्या म्हणाल्या.

म्हातारा आला, सवयीनं पुढच्या दाराशी वाकला, आत बाई पाहून बिचकला. कौसल्याबाईंनी पदर सावरला. त्या जागेवरून हलल्या मात्र नाहीत.

"मांगं बसा, बावाजी," त्या म्हणाल्या. "अन् पाय पुसून."